अलेक्झांड्रिया एका दिवसात उरकू नका

नागपुरातून इजिप्तला जाणाऱ्या सहलींच्या पत्रकात अलेक्झांड्रिया एका ओळीत असते. सकाळी कैरोहून निघायचं, रात्री परत. आम्ही ज्यांच्याकडे चौकशी केली त्यांच्या पत्रकातही हेच होतं. प्रत्यक्ष गावात किती तास मिळतील, असं मी दोनदा फोन करून विचारलं. पहिल्यांदा उत्तर आलं ‘भरपूर’, दुसऱ्यांदा ‘जेवण धरून पाच’. जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटरचा प्रवास आणि गावासाठी पाच तास, त्यातही एक जेवणाचा. आम्ही ती सहल घेतली नाही. भाचा कैरोत नोकरीला आहे, त्याच्याकडे उतरलो आणि त्याला घेऊन रेल्वेने अलेक्झांड्रियाला गेलो. दोन रात्री राहिलो. परत आल्यापासून सकाळी फिरायला येणारी मंडळी रोज विचारतात की कसं आहे, काय पाहायचं, म्हातारपणी झेपेल का. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो.

मी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. चौतीस वर्षं धरणं, कालवे आणि गळती पाहिली, त्यामुळे कुठेही गेलो तरी माझं लक्ष आधी दगडाकडे आणि पाण्याकडे जातं. हे परीक्षण तसंच आहे.

तुमच्याकडे एकच ठिकाण पाहण्याइतका वेळ असेल तर कोम अल्-शुकाफाची भुयारी दफनभूमी पाहा. किल्ला नंतर, ग्रंथालय त्याच्याही नंतर. बहुतेक सहलींत याच्या उलट होतं. किल्ल्यावर समुद्राचे फोटो चांगले येतात, म्हणून तिथे दीड तास आणि इथे वीस मिनिटं.

कोम म्हणजे टेकाड आणि शुकाफा म्हणजे खापऱ्या. खापऱ्यांचं टेकाड. दफनाला आणि नंतरच्या भेटींना येणारी माणसं मातीच्या भांड्यांतून खाणंपिणं घेऊन येत. मृतांच्या जागेवरचं भांडं घरी परत न्यायचं नाही, म्हणून जाताना तिथेच फोडून टाकत. त्या फुटक्या भांड्यांचा ढीग साचत गेला आणि जागेला नाव पडलं, असं सांगतात. भाच्याने एवढं सांगितलं आणि माझी पत्नी पायरीवरच थांबली. तिच्या आजोबांच्या मयतीला गावात मडकं फोडलेलं तिने लहानपणी पाहिलं होतं. आमच्या घरांतून ते विधी जाऊन दोन पिढ्या झाल्या, पण तो फट्ट आवाज अजून कानात आहे, असं ती म्हणाली.

ही दफनभूमी सापडली १९०० साली. वरून चाललेलं एक गाढव जमीन खचून खाली पडलं आणि खालचे मजले उजेडात आले. खडक कोरून केलेले तीन मजले आहेत. मधोमध एक गोल विहीर आणि तिच्याभोवती फिरत उतरणारा ९९ पायऱ्यांचा जिना. विहिरीच्या भिंतीत खिडक्या ठेवल्या आहेत, त्यांतून वरचा उजेड जिन्यावर पडतो. मृतदेह दोराने त्याच विहिरीतून खाली सोडत. म्हणजे हवा, उजेड आणि ओझं, तिन्हींची सोय एकाच विहिरीत. असा आराखडा आज कुणी माझ्या टेबलावर ठेवला असता तर मी उठून त्याचा हात हातात घेतला असता.

जिना उतरलं की एका बाजूला जेवणाची खोली लागते. तीन बाजूंना खडकातच कोरलेले रुंद ओटे, मध्ये मेजाची जागा. मृताच्या नावाने जेवायला येणारी माणसं या ओट्यांवर गाद्या टाकून रेलून बसत. आपल्याकडची तेरवीची पंगतच ती. दगडाच्या त्या ओट्यावर मी हात ठेवला. कडा गुळगुळीत झाल्या आहेत.

मुख्य थडगं त्याच्या पुढे आहे आणि खरं पाहायचं ते तिथे. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन नाग कोरले आहेत. नागांना दाढी आहे. डोक्यावर इजिप्तच्या राजाचा दुहेरी मुकुट, वेटोळ्यांत ग्रीक देवांच्या खुणा, आणि वर ढालीवर मेड्यूसाचं, म्हणजे केसांच्या जागी साप असलेल्या ग्रीक राक्षसीचं, तोंड. आत शिरून मागे वळून पाहिलं की दाराच्या आतल्या बाजूला अनुबिस उभा आहे, कोल्ह्याच्या तोंडाचा, मृतांना सांभाळणारा इजिप्तचा देव. पण अंगात रोमन शिपायाचं चिलखत. त्याच्या जोडीला दुसरा, त्याला कमरेखाली सापाची शेपटी. समोरच्या कोनाड्यात सिंहाच्या आकाराच्या खाटेवर ममी आणि तिच्यावर वाकलेला अनुबिस. खाटेखाली आतडी-काळीज ठेवायचे कलश कोरले आहेत. इजिप्तच्या रीतीने ते चार हवेत, इथे तीनच आहेत. कोरणारा इजिप्शियन रीत पुरती न शिकलेला ग्रीक-रोमन कारागीर असावा, की जागा पुरली नसावी, यावर आमचं तिथेच बोलणं झालं. मी जागा मोजून पाहिली. चौथा कलश मावला असता.

हे काम इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं. आता त्याच शतकातली दुसरी एक गोष्ट सांगतो, जी मनात घेऊनच मी तिथे गेलो होतो. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावर बेरेनिके नावाचं जुनं बंदर आहे. भारतातून मिरी आणि कापड घेऊन जहाजं तिथे लागत. २०२२ मध्ये तिथल्या देवळाच्या उत्खननात बुद्धाची संगमरवरी मूर्ती सापडली, ७१ सेंटिमीटर उंचीची. डोक्यामागे सूर्यासारखे किरण, बाजूला कमळ. दगड भूमध्य समुद्राकडचा, आणि उत्खनन करणाऱ्यांच्या मते ती घडवली गेली असावी अलेक्झांड्रियात, साधारण दुसऱ्या शतकात. अनुबिसाला चिलखत घालणारे हात आणि तथागताच्या डोक्यामागे किरण काढणारे हात एकाच गावातले, एकाच काळातले. त्या भुयारात मी बराच वेळ उभा राहिलो. मामाजी, वर चला, गर्दी येऊन राहिली, असं भाच्याने दोनदा म्हटलं, तरी हललो नाही.

सगळ्यात खालचा मजला कित्येक वर्षं पाण्यात होता. गावाखालचं भूजल चढलं होतं. मार्च २०१९ मध्ये ते उपसून पातळी खाली आणण्याचा प्रकल्प पूर्ण झाला, म्हणून आज आपण वरच्या मजल्यांवर कोरड्या पायांनी फिरतो. भिंतींना मात्र खालच्या भागात लोणा दिसतो, पांढरा, बोटाला पीठ लागावं तसा. पाणी दगडातून निघालं तरी क्षार मागे राहतात. कोरीव कामापर्यंत तो पोचू नये असं मनापासून वाटतं. आणि भेट देणाऱ्यांनी भिंतीला पाठ टेकून फोटो काढू नयेत, हे तिथे कुणीतरी सांगायला हवं. आम्ही होतो तोवर कुणी सांगत नव्हतं.

गुडघ्यांचं विचाराल तर उतरायला अडचण नाही, चढताना थांबत या. पत्नीच्या गुडघ्याचं दुखणं आहे, तिने प्रत्येक खिडकीपाशी विसावा घेतला. रबरी तळाचे बूट घाला आणि खिशात छोटी टॉर्च ठेवा. माहितीचे फलक अपुरे आहेत, तेव्हा वाचून जा किंवा सांगणारा सोबत घ्या.

तिथून चालत थोड्या अंतरावर तो प्रसिद्ध खांब आहे. लोक त्याला पाँपी या रोमन सेनापतीचा खांब म्हणतात, पण पाँपीशी त्याचा संबंध नाही. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या सन्मानार्थ तो इसवी सन ३०० च्या आसपास उभारला. अस्वानच्या लाल ग्रॅनाइटचा अखंड सोट, वीस मीटरच्या वर, वजन अंदाजे २८५ टन. अस्वान नदीमार्गे हजार किलोमीटरच्या वर. नाईलमधून तो आणला, उभा केला, आणि सतराशे वर्षांत तो कलला नाही. मी त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. पाया पाहा, नुसतं वर पाहू नका. खालच्या बाजूला आधीच्या इमारतींचे दगड वापरलेले दिसतात.

ही जागा मुळात सेरापिस देवाच्या मंदिराची. सेरापिस हा इजिप्तवर राज्य करणाऱ्या टॉलेमी या ग्रीक घराण्यातल्या राजांनी घडवलेला देव, इजिप्तच्या ओसिरिस आणि अपिस बैलाला ग्रीक रूप देऊन केलेला. दोन्ही प्रजांनी एका ठिकाणी यावं म्हणून. इसवी सन ३९१ मध्ये मंदिर पाडलं गेलं. आता मोकळं मैदान, दोन स्फिंक्स आणि जमिनीखालचे बोळ उरलेत. इथे आम्हाला एका वाटाड्याने अडवलं, दहा मिनिटांत सगळं सांगतो म्हणाला आणि खरोखर दहाव्या मिनिटाला पैसे घेऊन गेला. बोळात नेलंच नाही. आपण होऊन उतरा, पायऱ्या सोप्या आहेत.

त्या बोळात सापडलेला अपिस बैल ग्रीक-रोमन संग्रहालयात ठेवला आहे. संग्रहालय १८९२ चं, २००५ पासून बंद होतं, ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा उघडलं. आता ते नीटनेटकं आहे, उजेड चांगला आणि दालनांचा क्रम समजेल असा. बैल काळ्या दगडाचा, खऱ्या बैलाएवढा, सम्राट हेड्रियनच्या काळातला. शिंगांच्या मधे सूर्याची चकती. पत्नी लगेच म्हणाली, पोळ्याचा बैल! नागपूरच्या माणसाला दुसरं काय सुचणार. तान्ह्या पोळ्याला आम्ही लाकडी बैल सजवून गल्लीतून फिरवलेले, शिंगांना बेगड लावलेलं. तिने बैलाच्या मानेवरची वळी मला दाखवली, कातडीची घडी दगडात इतकी खरी उतरली आहे की खांद्यावर जू ठेवावंसं वाटेल.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. नोव्हेंबरचा मध्य. हॉटेलच्या माणसाने सांगितलं की हा ‘मकनसा’, म्हणजे झाडू. अलेक्झांड्रियात हिवाळ्यातल्या प्रत्येक वादळाला नाव आणि ठरलेल्या तारखा आहेत, कोळी आणि म्हातारी माणसं त्या तोंडपाठ सांगतात. ऐकून मला फार आनंद झाला. आपला मृग, आपल्या आर्द्रा, आणि बेडूक-म्हैस-हत्ती ही त्यांची वाहनं, हे मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. भाच्याने ते अरबीत सांगितलं, तो हत्तीवर येणाऱ्या पावसाला हसला आणि चहाचे पैसे घेईना.

पाऊस उघडल्यावर कायतबेचा किल्ला पाहिला. सुलतान कायतबेने १४७७ मध्ये हा किल्ला बांधायला घेतला, बरोबर त्या जागी जिथे प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, फारोसचा दीपस्तंभ होता. शंभर मीटरच्या वर उंच. भूकंपांनी तो खिळखिळा होत गेला. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३२६ मध्ये आला तेव्हा त्याची एक बाजू पडलेली होती, आणि १३४९ मध्ये पुन्हा आला तेव्हा दारापर्यंत जाणंही शक्य नव्हतं. पडलेले दगड किल्ल्यात वापरले. दारातले लाल ग्रॅनाइटचे खांब त्यातलेच, असं म्हणतात. बाकीचे शेजारच्या समुद्राच्या तळाशी आहेत, १९९४ पासून पाणबुडे ते शोधताहेत.

किल्ला म्हणून तो सुबक आहे. चौकोनी बुरूज, पांढुरका दगड, आत गारवा. १८८२ च्या इंग्रजांच्या तोफांनी तो बराच पडला होता, आज जे दिसतं त्यात दुरुस्ती खूप आहे. तटाच्या बाहेर समुद्रात काँक्रीटचे मोठाले ठोकळे टाकले आहेत, लाटांचा मार मोडायला. त्या दिवशी लाटा ठोकळ्यांवरून उडून तटावर येत होत्या. ज्या पायावर तो उभा आहे तो समुद्र खालून पोखरतो आहे, आणि ठोकळे टाकून वेळ मिळतो, सुटका होत नाही, हे आमच्या खात्यातल्या कुणालाही दिसेल.

पण मी तिथे गेलो ते एका नावासाठी. पंचवीसएक वर्षांपूर्वी दीक्षाभूमीवर, अशोक विजयादशमीला, पुस्तकांच्या स्टॉलवर मी अशोकाच्या शिलालेखांचं पातळसं पुस्तक घेतलं होतं. तेराव्या शिलालेखात कलिंगाच्या युद्धाचा पश्चात्ताप आहे आणि त्यानंतर धम्मविजय कुठवर पोचला ते सांगितलं आहे. तिथे पाच यवन, म्हणजे ग्रीक, राजांची नावं येतात. अंतियोक, तुरमाय, अंतिकिनी, मक, अलिकसुंदर. यातला तुरमाय म्हणजे दुसरा टॉलेमी, अलेक्झांड्रियाचा राजा. त्याच्याच काळात दीपस्तंभ पुरा झाला. आपल्या अशोकाला हा राजा माहीत होता, त्याचं नाव त्याने आपल्या भाषेत वळवून खडकावर कोरून घेतलं. तटावर वाऱ्यात उभं राहून मी ते नाव मोठ्याने म्हटलं. तुरमाय. पत्नीने माझा हात धरला, वारा फार होता म्हणूनही आणि तिला कळलं होतं म्हणूनही.

किल्ल्यापासून गावाकडे येताना अबू अल्-अब्बास अल्-मुरसी यांची मशीद लागते. मुरसी तेराव्या शतकातले सुफी संत, स्पेनमधल्या मुर्सियाचे, इथे येऊन स्थिरावले. त्यांची कबर आत आहे. आजची इमारत मात्र विसाव्या शतकातली, मारियो रॉसी या इटालियन वास्तुकाराने आखलेली, १९२९ मध्ये सुरुवात करून चाळीसच्या दशकात पुरी झालेली. अष्टकोनी दिवाणखाना, उंच छतातून उतरणारा उजेड. ताजबागच्या दर्ग्यात जाणाऱ्या नागपूरकराला इथे परकं वाटणार नाही. तीच माणसं, जाळीला धरून पुटपुटणारी, मुलांना कबरीपाशी उचलून धरणारी.

बायकांचा भाग वेगळा आहे. पत्नी ओढणी घेऊन एकटी आत गेली आणि पाऊण तास आलीच नाही, मी बाहेर बुटांपाशी काळजीत. आली ती हातात गोडाचा पुडा घेऊन. एका आजीबाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं, भाषा एकीलाही दुसरीची येत नव्हती. आजीबाईंनी स्वतःच्या गुडघ्यावर हात मारला, मग हिच्या गुडघ्यावर, मग दोन्ही हात वर करून हिच्यासाठी काहीतरी मागितलं. पुरुषांच्या बाजूने जे दिसलं त्यापेक्षा तिला जास्त मिळालं, म्हणून बायकांनी जरूर जावं. शुक्रवारची दुपार टाळा. समोर मुरसींचेच शिष्य बुसिरी यांची मशीद आहे, ‘कसिदा बुर्दा’ हे पैगंबरांच्या स्तुतीचं काव्य लिहिणाऱ्या कवीची. तिथे शांतता असते.

नबी दानियल रस्त्याच्या परिसरात संत मार्कचं कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांचं, चर्च आणि एलियाहू हनावी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, एकमेकांपासून जवळ आहेत. सिनेगॉग दुरुस्तीनंतर जानेवारी २०२० मध्ये पुन्हा उघडलं, पण आत जायला परवानगी लागते, आम्ही दारातून पाहून परतलो. चर्चमध्ये तपासणी कडक आहे आणि ती कुरकूर न करता द्यावी. ९ एप्रिल २०१७ ला, झावळ्यांच्या रविवारी, या चर्चच्या दारात आत्मघाती स्फोट झाला, माणसं गेली. परंपरा सांगते की संत मार्कने इथे पहिल्या शतकात ख्रिस्ती धर्म आणला. ८२८ मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी त्याचा देह पळवून नेला, मस्तक इथेच राहिलं असं कॉप्टिक लोक मानतात. आत मेणबत्त्यांचा वास आणि बाकांवर गृहपाठ करत बसलेली दोन मुलं होती.

कोम अल्-दिक्का इथलं रोमन नाट्यगृह लहान आहे, संगमरवरी पायऱ्यांचं. लोक त्याचे फोटो काढून निघतात. त्याच्या शेजारच्या व्याख्यानाच्या खोल्या चुकवू नका. पोलिश पुरातत्त्वज्ञांनी अशा वीसएक खोल्या उघडल्या आहेत. भिंतीलगत दगडी बाकं, आणि टोकाला पायऱ्या चढून जायचं शिक्षकाचं उंच आसन. नवं ग्रंथालय, २००२ चं, बाहेरून पाहायलाच जा, त्या कललेल्या गोल भिंतीवर १२० लिप्यांतली अक्षरं कोरली आहेत. आत तास घालवायला वाचणारा माणूस हवा.

व्यवहाराचं थोडं. तिकीटखिडकीवर आम्हाला बहुतेक ठिकाणी रोख घेतली नाही, कार्ड लागलं, तेव्हा बाहेर चालणारं कार्ड सोबत असू द्या. समुद्राकाठचा रस्ता ओलांडणं हे सगळ्यात अवघड काम, गाड्या थांबत नाहीत, भुयारी मार्ग शोधा. जेवणाला शाकाहाऱ्यांची अडचण नाही. फूल म्हणजे शिजवलेल्या घेवड्यासारख्या बियांची उसळ, आणि त्याच बियांचं फलाफल, आतून हिरवंगार, सकाळी गरम मिळतं. तिखट नसतं. आम्ही जवसाची चटणी नेली होती, दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या माणसाने ती फलाफलवर घालून खाल्ली आणि उरलेली मागून घेतली.

गुण द्यायचे तर कोम अल्-शुकाफाला दहापैकी दहा, संग्रहालय आणि मुरसींच्या मशिदीला नऊ, किल्ल्याला आठ. खांबाला नऊ, पण वाटाड्याशिवाय. फेब्रुवारीत आमच्या बाजूची चार मंडळी निघाली आहेत. त्यांना मी टॉर्च दिली आहे, दोन रात्रींचं हॉटेल ठरवायला लावलं आहे, आणि पत्नीने जवसाची चटणी यावेळी किलोभर बांधायचं ठरवलं आहे.